नाताळाला रडायला आलेली माणसं

सुलविक, २७ डिसेंबर

बोर्गहिल्ड,

अकरा वर्षं तुझा एक शब्द नाही, आणि आता फोनच्या यंत्रावर लागोपाठ निरोप. आई गेली तेव्हा तुला इतकं बोलायला सुचलं नव्हतं. मला तुझा आवाज ऐकायचा नाही, म्हणून कागदावर उत्तर देते आहे. कागद मध्येच हुंदके देत नाही, एवढा त्याचा फायदा.

तू म्हणतेस, टुरिडने तुला व्हिडिओ पाठवला आणि तो बघून तुझी मान शरमेने खाली गेली. कुणासमोर गेली? तिथे स्पेनमध्ये पोहण्याच्या तलावाकाठी कोळंबी सोलत बसलेल्या पेन्शनरांसमोर? ज्या गावात तू आईच्या मातीलाही आली नाहीस, त्या गावात आपल्या घराण्याचं नाव राखायची काळजी तुला आता लागली आहे. उशीर झाला. ते नाव मी एकटीने वापरून जुनं केलंय.

व्हिडिओत दिसतं ते सगळं खरं आहे. मी ते बोलले. भर सभागृहात, ध्वनिक्षेपक हातात घेऊन बोलले.

अब्रेहेत कोण, ते टुरिडने तुला सांगितलेलं दिसत नाही. तिच्या लेखी ती 'आपली आफ्रिकन मैत्रीण'. ती इरिट्रियाची आहे, चाळिशीची आहे, मासळीच्या कारखान्यात सॅमन कापते आणि तीन वर्षं आपल्याच घरात, खालच्या मजल्यावर, आईच्या खोलीत राहते. हो, आईच्याच. रिकाम्या खोलीत ओल धरते.

आली त्या पहिल्या डिसेंबरात मी तिच्यासाठी बिस्किटांचं ताट घेऊन खाली गेले. नाताळाला करतात ते सातही प्रकार, आईच्या हातचे असायचे तसे. बाईने हात जोडले आणि म्हणाली, "चालत नाही, मावशी. यात लोणी आहे. आमचा उपास आहे नाताळापर्यंत. आमचा नाताळ सात जानेवारीला."

"तुमचा येशू उशिरा जन्मतो वाटतं," मी म्हणाले.

"आमच्याकडे कुणालाच घाई नसते," ती म्हणाली.

मी ताट उचलून वर आले. महिनाभर बोलले नाही. पण सात जानेवारीला ती ते ताट मागायला स्वतः वर आली आणि माझ्यासमोर बसून, मऊ पडलेली ती बिस्किटं तिने एकही न सोडता खाल्ली. गावात माझ्याशी तितक्या सरळपणे वागणारं दुसरं माणूस नाही. असो.

आता टुरिडचं ऐक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला शिकवायला मुलं उरली नाहीत, म्हणून ती गावाला शिकवते. यंदा तिने तेवीस तारखेला चर्चच्या सभागृहात 'सगळ्यांचा नाताळ' भरवला. भिंतीवर झेंडे, प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी. बाहेरून आलेल्यांनी आपापली परंपरा घेऊन यायची. आपण काही आणायचं नाही. आपण बसायचं आणि कौतुकाने माना डोलवायच्या.

केस कापणारा निदाल सिरियाचा आहे, मुसलमान. त्याला तिने विचारलं, "तुमच्याकडे नाताळासारखं काय असतं रे?"

तो म्हणाला, "माझ्याकडे नाताळाच्या आधी गर्दी असते. सगळ्या गावाला केस कापायचे असतात."

ती हसली, पण पिच्छा सोडला नाही. शेवटी तो बिचारा कोपऱ्यावरच्या दुकानातून बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन आला. टुरिडने ते वाडग्यात ओतलं आणि पुढे पाटी लावली: सिरियाची चव.

अब्रेहेतने मंचावर कॉफी भाजायची आणि मग पांढरा पोशाख घालून नाचायचं, असं ठरलं होतं. ती म्हणाली, "उपासात आम्ही नाचत नाही." टुरिड म्हणाली, "थोडंसंच गं. लोकांना किती आवडेल." ज्या देशाने आसरा दिला तिथे नाही म्हणायचं नसतं, अशी अब्रेहेतची समजूत. ती "बरं" म्हणाली. टुरिडने तिला हाताला धरून गोठ्याच्या देखाव्याकडे नेलं आणि बहिऱ्याशी बोलावं तसं सावकाश सांगितलं, "हा बाळ येशू. ही त्याची आई." अब्रेहेतचे पूर्वज चर्चमध्ये धूप जाळत होते, तेव्हा आपले पूर्वज चर्च जाळत हिंडत होते. पण टुरिडचा इतिहास झेंड्यापाशी सुरू होतो आणि केकपाशी संपतो.

मग संगीत लागलं. अब्रेहेत उभी राहिली. आणि मी मंचाजवळ जाऊन टुरिडच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

"बंद करा ते," मी म्हणाले. "नाताळ आमचा आहे. ज्यांना आमचं अन्न चालत नाही, त्यांनी आमच्या मंचावर नाचू नये. अब्रेहेत, खाली उतर. घरी जा."

खिरीचे चमचे हवेत थांबले. टुरिड म्हणाली, "गुनवोर, हे तू बोलते आहेस?"

"दुसरं कोण बोलणार?" मी म्हणाले आणि कोट घालायला लागले. अब्रेहेतने माझ्याकडे एकदा पाहिलं, शाल उचलली आणि बाहेर पडली. तिच्यामागे निदाल गेला. कार्यक्रम तिथेच मोडला. वेफर्स तसेच राहिले.

मी माफी मागणार नाही. का बोलले ते टुरिडला सांगितलं नाही, आणि तुला सांगायचं तर काही कारणच नाही.

गुनवोर


सुलविक, ३० डिसेंबर

बोर्गहिल्ड,

सुट्ट्यांमुळे टपाल निघालेलं नाही. आधीचं पत्र टेबलावरच पडून आहे. हे त्याच पाकिटात घालते.

काल दुकानात बटाटे निवडत होते, तर पाद्री शेजारी येऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माणूस कुठल्याही वयात बदलू शकतो, गुनवोर." मी म्हटलं, "मग तू सुरुवात कर, आणि बाजूला हो, मला तो मोठा बटाटा हवाय." गाव मला काय समजतं याने माझ्या जेवणात फरक पडत नाही. पण तुझ्या शेवटच्या निरोपात तू म्हणालीस, 'मी तुला ओळखते ना.' ते मला खटकलं. ओळखत नाहीस. म्हणून लिहिते.

बावीस तारखेला अब्रेहेत कामावर असताना एक माणूस दारात आला. तेकेस्ते त्याचं नाव. बर्गनला बस चालवतो, त्यांच्या लोकांतला जाणता. बूट काढून आत आला आणि आधी कॉफीचा कप रिकामा केला. मग म्हणाला, "गुनवोरबाई, अब्रेहेतची आई वारली. तिकडे, गावी."

"मग माझ्याकडे काय बसलात? तिला फोन करा."

मी टेबलावर थुंकल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "आई गेल्याचं फोनवर सांगतात का?"

त्यांच्यात तसं सांगत नाहीत. आधी सगळ्यांनी जमायचं. पहाटे, ते माणूस कामाला निघायच्या आत, सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात जायचं. म्हणजे ते कोसळलं तर धरायला हात असतात. तोवर अवाक्षर काढायचं नाही. माणसं बर्गनहून, स्टाव्हांगरहून यायची, आणि त्यांना तेवीसपर्यंत काम. म्हणजे चोवीसची पहाट.

"तुमच्या स्वयंपाकघरात जमलो तर चालेल का?" त्याने विचारलं. "तुमचा सण आहे, माहीत आहे."

चोवीस तारखेला, ऐन सणाच्या दिवशी, या गावात कुणी कुणाचं दार वाजवत नाही, तुला माहीत आहे. घरात कुणी मेलं तरी सव्वीसपर्यंत थांबावं, अशी इथली सभ्यता. मी तुला आईचं सांगितलं ते फोनवरच. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते. तू "अरेरे" म्हणालीस, मग म्हणालीस विमानं भरलेली आहेत. तुझ्या मागे कुणीतरी हसत होतं. फोन ठेवून मी तिच्या खोलीतला दिवा विझवला, कोट घातला आणि बसने घरी आले. जगात असंच करतात, असं मी धरून चालले होते.

तेकेस्तेला म्हटलं, "या."

निघताना तो दारात थांबला. "आणखी एक. उद्या ती नाचता कामा नये. आई गेली असताना मी परक्यांपुढे नाचले, हे तिला नंतर कळलं तर ती ते विसरणार नाही. आम्हालाही माफ करणार नाही."

"टुरिडला सांगा तसं."

"सांगितलं, तर त्या काय करतील?"

काय करील ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मंचावर उभी राहून सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं करील, आणि अब्रेहेतच्या हातात मेणबत्ती देईल.

मी आधी नीट प्रयत्न केला. टुरिडला फोन करून सांगितलं, अब्रेहेतला बरं नाही. तर ही बया मध आणि लिंबू घेऊन कारखान्याच्या फाटकाशी हजर झाली आणि तिला ठणठणीत पाहून परत गेली. मग मी अब्रेहेतलाच म्हटलं, "नको जाऊस, तो वेडेपणा आहे." ती म्हणाली, "मी शब्द दिलाय, मावशी." कारण विचारलं असतं तर माझ्याकडे नव्हतं.

उरलं काय? माझं तोंड. गावात ते फटकळ म्हणून सगळ्यांना माहीत आहे. त्याला कुणी कारण विचारत नाही.

बोलले ते सगळंच नाटक होतं का? नाही. थोडं मनात असणार. शिवी मनातून आल्याशिवाय लागत नाही, आणि ती लागायलाच हवी होती. त्या संध्याकाळी खालून तिचं रडणं ऐकू येत होतं. माझ्यामुळे रडत होती. मी वर खुर्चीत बसून होते. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं, एवढंच मला करायचं नव्हतं.

चोवीसला अंधारातच गाड्या आल्या. सगळे पांढऱ्या शालींत, कुणी बोलत नव्हतं. बाहेर चिखल-बर्फ, तरी दारात बूट नीट लावून आत आले. माझ्या स्वयंपाकघरात इतकी माणसं आपल्या आई-वडिलांच्या लग्नानंतर मावली नसतील. मग तेकेस्तेने मान हलवली आणि सगळे जिना उतरले. मी वरच्या पायरीवर राहिले. त्याने दार वाजवलं. अब्रेहेतने उघडलं, कारखान्याच्या कपड्यांत होती, आणि एवढी माणसं एकदम पाहिली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिने एकच विचारलं, आणि ते मला भाषा येत नसूनही कळलं. कोण, म्हणून विचारत होती.

मग ती पडली, आणि त्यांनी धरली.

मी डुकराच्या बरगड्या भट्टीतून काढून बाहेर गारठ्यात ठेवल्या. त्या घरात तो वास बरा नव्हे. दिवसभर बायका वर-खाली करत होत्या, कॉफी भाजत होत्या, डाळीचं काहीतरी शिजवत होत्या. खुर्च्या कमी पडल्या. तेवढ्यात दारात निदाल. गाड्या पाहून आला होता, माझ्याशी भांडायलाच आला असावा. आतला आवाज ऐकला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"तुम्हाला काल माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"माझी आई गेल्याचं मला फोनच्या पडद्यावर कळलं. बसमध्ये होतो." एवढं बोलून तो गेला आणि गाडीतून आपल्या दुकानातल्या सगळ्या खुर्च्या घेऊन आला. मग संध्याकाळपर्यंत माझ्या मोरीपाशी उभा राहून कप धूत होता. सिरियाची चव.

चर्चची घंटा वाजायच्या सुमारास टुरिड आली. हातात केक, डोळ्यांत पाणी. अब्रेहेतला 'गावाच्या वतीने' माफी मागायला आली होती, माझ्या वागण्याची. मी दार अर्धंच उघडलं.

"आज चोवीस तारीख आहे, टुरिड. आज कुणी कुणाकडे जात नाही."

तिने माझ्या खांद्यावरून आत कान दिला. खाली म्हातारी लेताय विलाप करत होती. तेकेस्तेची मावशी ती. ती एक ओळ म्हणायची आणि बाकीच्या रडत तीच ओळ उचलायच्या. टुरिडचा चेहरा एकदम उजळला.

"गाणं चाललंय? अय्या, किती सुंदर परंपरा. मी थोडं चित्रित करू?"

मी दार लावलं. केक तिच्याच हातात राहिला.

रात्री अब्रेहेत वर आली. डोळे सुजलेले, आवाज गेलेला. तिला तेकेस्तेने सगळं सांगितलं होतं. म्हणाली, "मी गावाला सांगते, तुम्ही का बोललात ते."

"खबरदार," मी म्हणाले. "त्या बाईला कळलं तर ती पुढच्या वर्षी याचाही कार्यक्रम करील."

ती हसली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. मी तिला बसायला खुर्ची दिली. असल्या वेळी काय करायचं, ते मला जमत नाही.

तर हे असं आहे. आता टुरिडला कळवलंस, तर मी तुझी बहीण नाही.

गुनवोर


सुलविक, ८ जानेवारी

बोर्गहिल्ड,

पाकीट एव्हाना तुला मिळालं असणार, आणि टुरिड अजून गप्प आहे. म्हणजे तू तिला काही सांगितलं नाहीस. इतकं तुला कळतं, हे पाहून आश्चर्य वाटलं.

काल त्यांचा नाताळ झाला. सुतकामुळे धामधूम नव्हती, पण माणसं आली. अब्रेहेत पहाटेच तेकेस्तेबरोबर प्रार्थनेला बर्गनला जाऊन परतली होती. दुपारी सगळे माझ्याकडे वरच जेवले, एकाच मोठ्या ताटात, हाताने. कोंबडीचं कालवण इतकं तिखट की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. निदाल म्हणाला, "हळू, मावशी." त्यालाही आता मी मावशी झाले आहे. मी कुणाला परवानगी दिलेली नाही.

जेवणानंतर लेताय भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. अब्रेहेत मध्ये बसून दोघींचं एकमेकींना सांगत होती.

"ही कोण?"

"माझी आई."

"कधी गेली?"

"झाली अकरा वर्षं."

"तेव्हा रडायला कोण आलं होतं?"

"पाद्री आला होता. शेजारचे नवरा-बायको आले होते. केक होता."

अब्रेहेतने ते सांगितलं. मला वाटलं, आता त्या माझी कीव करणार, आणि मी सगळ्यांना घराबाहेर काढणार. पण लेताय खाली बसली, शाल डोक्यावरून घेतली आणि म्हणाली, "आज सणाचा दिवस. आज रडत नाहीत. पण हिची आई अकरा वर्षं कुणी न रडता तशीच राहिली आहे. देव एवढं चालवून घेईल."

मी म्हटलं, याची काही गरज नाही. अब्रेहेतने ते भाषांतर केलंच नाही.

"तिचं नाव विचारतायत."

"माग्नहिल्ड."

त्यांच्या तोंडी ते मानहिल झालं. मग कळलं की रडणाऱ्यांना नुसत्या नावावर भागत नाही, माणूस माहीत असावं लागतं. कशी होती? काय करायची? मी म्हणाले, उंच होती. वडील बुडाल्यावर एकटी होडी घेऊन खाडीत जायची. हेरिंग खारवायची, तिच्या हातांना कायम मिठाच्या चिरा असायच्या. तोंडाची वाईट होती. आम्हाला कधी जवळ घेतलं नाही, पण बर्फात शाळेत जाताना पुढे चालून वाट पाडून द्यायची आणि मागे वळून बघायची नाही.

अब्रेहेत एकेक गोष्ट सांगत गेली आणि लेताय ती गाण्यात घेत गेली. होडी आली, मीठ आलं. माझी आई, बोर्गहिल्ड, जी चर्चमध्ये धूप दिसला तर उठून गेली असती, तिच्यासाठी तिच्याच खोलीच्या डोक्यावर बसून त्या बायका ऊर बडवत होत्या. मला आधी हसू येत होतं. निदाल मोरीकडे तोंड करून उभा होता, त्यालाही येतंय ते त्याच्या पाठीवरून कळत होतं. मग बर्फातल्या वाटेची ओळ आली, आणि मी काय केलं ते तुला लिहीत नाही. अब्रेहेतने मला धरलं होतं, एवढं पुरे.

मध्येच लेतायने थांबून काहीतरी विचारलं. अब्रेहेत म्हणाली, "मागे कोण कोण आहे, विचारते. ते शेवटी म्हणावं लागतं."

"दोन मुली," मी म्हणाले.

"दुसरीचं नाव?"

सांगितलं. त्यांना ते म्हणता येईना. पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर तोडून. लेतायने दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिलं, मान हलवली आणि गाणं पुढे नेलं. आधी माझं नाव आलं, मग तुझं.

गुनवोर